मदत हवी आहे: कासाब्लांकात पावसाचा एकच दिवस, आईला घेऊन कुठे जावं?

नमस्कार मंडळी. डिसेंबरात आमची क्रूझ कासाब्लांकाला सकाळी ८ ते संध्याकाळी ५ थांबणार आहे. हे पावसाळ्याचेच दिवस, त्यात आईचे गुडघे दुखतात, म्हणून विचारतेय. (मोरोक्को म्हणजे नुसतं वाळवंट, असं समजून मी सगळ्यांच्या टोप्या घेऊन बसले होते. आता छत्र्या शोधतेय!)

राजे हसन दुसरे यांच्या नावाची मशीद नक्की बघायची आहे. १९९३ साली पूर्ण झालेली, काही भाग समुद्रावर बांधलेली. मुस्लिमेतरांना गाईडसोबतच आत सोडतात, असं वाचलं. बाहेरचं संगमरवरी पटांगण भलंमोठं आहे. ओल्या फरशीवर आई घसरेल का? व्हीलचेअर मिळते का?

दुसरं म्हणजे, तिथल्या लाल छोट्या टॅक्सीत तिघंच बसतात आणि आम्ही चौघं. मग दोन टॅक्सी करायच्या की मोठी ठरवायची? मीटर लावा म्हटलं तर ऐकतात का?

नवऱ्याला कासा पोर्ट स्टेशनवरून ट्रेनने राजधानी रबात गाठायचंय. जेमतेम तासाचा प्रवास, पण बोट चुकली तर? मला धाडस होत नाही.

पावसात तिथे कुणी फिरलं असेल तर कृपया सांगा.