जहाजावर हात निकामी झाला, एजंट म्हणतो फुल अँड फायनलवर सही करा

घणसोलीची_वहिनी:
माझे मिस्टर पनामाच्या झेंड्याखालच्या (तिथे नोंदणी असलेल्या) बल्क कॅरियरवर, म्हणजे सुट्या मालाच्या जहाजावर, एबी (डेकवरचे खलाशी) होते. बंदरात जहाज बांधताना दोर तुटून उजव्या हातावर बसला. तिकडेच ऑपरेशन करून घरी पाठवलं. आता वाशीला फिजिओथेरपी चालू आहे, पण तीन बोटांना अजून पकड नाही. बेलापूरच्या मॅनिंग ऑफिसातून (जहाजावर खलाशी भरती करणारा एजंट) सारखे फोन येतात, ‘सही करा, पाच लाख लगेच जमा होतील.’ घराचा हप्ता थकलाय. सही केल्यावर पुढे काही मागता येतं का?

माजी_बोसन_ऐरोली:
ताई, सही करू नका. डॉक्टरांनी अपंगत्वाची टक्केवारी लिहून दिल्याशिवाय तर नाहीच. तीन बोटांची पकड गेलेला माणूस परत डेकवर घेत नाहीत, म्हणजे प्रश्न हाताचा नाही, पुढच्या सगळ्या नोकरीचा आहे. आणि हे फोन नेमके हप्ता थकल्यावरच येतात, याची मला फार चीड येते.

मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, 2006 (खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार) पनामाला लागू आहे, भारतानेही 2015 मध्ये स्वीकारलंय. त्यातल्या 2014 च्या दुरुस्तीत स्पष्ट आहे: करारात ठरलेली भरपाई पूर्ण आणि विनाविलंब द्यायची, कमी रकमेवर मिटवायला दबाव टाकायचा नाही. टक्केवारी ठरायला वेळ लागणार असेल तर मधल्या काळात घर अडू नये म्हणून अंतरिम पैसे द्यायचे. तुमच्या हप्त्यासाठी हेच लेखी मागा, ईमेलवर. फोनवरचं बोलणं उद्या कोणी मानत नाही.

उपचार आणि आजारपणातला पगार वेगळा, तो भरपाईतून कापायचा नाही. झेंड्याच्या देशाला त्यावर मुदतीची मर्यादा घालता येते, पण ती अपघातापासून 16 आठवड्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही.

मिस्टरांचा करार काढा. युनियनचा सीबीए (युनियन आणि कंपनीतला सामूहिक करार) लागू असेल तर भरपाईचा तक्ता बहुधा त्यातच मिळेल. जहाजावर विम्याचं सर्टिफिकेट दर्शनी भागात लावावंच लागतं. क्लेम कोणाकडे करायचा तो संपर्क त्यावर असतो आणि खलाशी थेट तिथे जाऊ शकतो, एजंटची परवानगी लागत नाही. बरोबरच्या कोणाला तरी फोटो पाठवायला सांगा. अपघाताचा रिपोर्ट आणि लॉगबुकातली नोंदही मागवा, क्रू बदलला की हे मिळणं अवघड.

ठाण्याची_वकील:
बोसनदादांचं बरोबर आहे. एक भर: करारातले पैसे घेतले म्हणून निष्काळजीपणाबद्दलचा दावा आपोआप बुडत नाही. ‘इतर हक्क राखून’ असं पावतीवर लिहून घ्या. ॲडमिरल्टी कायदा, 2017 नुसार इजेच्या दाव्यासाठी मुंबई उच्च न्यायालय जहाज अटकवू शकतं, अगदी न्हावा शेव्याला लागलेलं असलं तरी. जहाजावरचा हा धारणाधिकार (दाव्यापोटी जहाजावर असणारा हक्क) सर्वसाधारणपणे एका वर्षात संपतो, म्हणून तारीख मोजत राहा.

घणसोलीची_वहिनी:
करार मिळाला, सीबीएचा उल्लेख आहे. एजंट म्हणाला, वकिलाकडे गेलात तर पुढे जहाज मिळणार नाही.

माजी_बोसन_ऐरोली:
तेच त्याला ईमेलवर लिहायला सांगा, लिहिणार नाही. त्याचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्राच्या जहाजवाहतूक महासंचालनालयाने, दिलेला आहे, तक्रार कांजूरमार्गला करा. सोबत युनियनला कळवा, सीबीए त्यांनीच केलेला असतो. कोणाला घेऊन जायचं असेल तर मी ऐरोलीहून येतो, ताई. कागद मूळ देऊ नका, फक्त झेरॉक्स.