आईसाठी पुढून उघडा, सैल कुर्ता शिवायचाय. काखेत ओढू नये म्हणून काय करू?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

आईला फ्रोझन शोल्डर झालाय. उजवा हात कानापर्यंतही जात नाही, त्यामुळे डोक्यातून घालायचे सगळे कुर्ते बाद. घरात बटणांचा गाऊन चालतो, पण संध्याकाळी कमला नेहरू पार्कला "गाऊनवर कशी येऊ?" म्हणते. बरोबरच आहे तिचं. मोठ्या मापाचा रेडिमेड आणला तर खांदे उतरतात, गळा ओघळतो आणि हात जरा उचलला की अख्खा कुर्ता वर चढतो. छातीत एवढा ढगळ, तरी काखेत ओढतोच!

म्हणून घरीच शिवणार. जुनं पायमशीन आहे. परकर, अभ्रे शिवते, म्हणजे सरळ टीप येते. रविवार पेठेतून सुती कापड आणलंय, पन्हा 44 इंच, अडीच मीटर. आईची छाती 40, उंची 38 हवी. गल्लीतले टेलरकाका म्हणाले, मुंढा (बाही जिथे जोडतात ती जागा) दीड इंच खाली घ्या, झालं. पटत नाहीये. आणि बटणं लावू की वेल्क्रो?

("शिवायला टाक" म्हणू नका. दिवाळीच्या तोंडावर कुठला टेलर हो म्हणतोय!)

सुईदोरा: ताई, मुंढा अजिबात खाली घेऊ नका. तो जितका खाली, तितकी बाही कमरेकडे बांधली जाते. हात उचलला की बाजूची शिवणच वर खेचली जाते. तुमच्या रेडिमेडचं हेच होतंय. घेर वाढवून हात सुटत नाही, काखेत कापड घालून सुटतो. घरात कुणाचा जुना नेहरू शर्ट असेल तर त्याची काख बघा, चौकोनी तुकडा दिसेल. त्यात मुंढ्याला गोलाईच नसते, सगळं सरळ कापायचं. परकर शिवणाऱ्याला सहज जमेल.

छातीत 7 इंच सैल धरा, म्हणजे तयार 47. पुढचा आणि मागचा भाग प्रत्येकी साडेचोवीस रुंद, 40 लांब. अर्धा इंच माया (शिवणीसाठी सोडलेलं कापड) आणि खालची दीड इंच दुमड त्यात आली. दोन्ही एकाखाली एक लावले की बाजूला साडेएकोणीस इंचाचा पट्टा उरतो. त्यातून बाह्या (16 रुंद, 15 लांब), 5 इंचाचे दोन चौकोन, 3 इंची बटणपट्ट्या आणि गळ्याची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी निघते. पुढचा भाग मधोमध खालपर्यंत चिरा, अर्धवट उघडा ठेवू नका.

चौकोनाचा एक कोपरा बाहीच्या शिवणीत, समोरचा बाजूच्या शिवणीत. उरलेले दोन पुढे-मागे, बाही अंगाला जोडलेली शिवण जिथे संपते तिथे.

कोथरूडकर: कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात घाला, सुती आहे, आटणार. वेल्क्रो नको, धुताना त्यात केस आणि दोरे अडकतात. आतून मोठी टिचबटणं, वरून शोभेची बटणं. तुळशीबागेत दोन्ही मिळतील. घालताना दुखरा हात आधी, काढताना तो शेवटी.

धागाकर्ती: सुईदोरा, पट्ट्याचा हिशेब कागदावर मांडून पाहिला, बसतोय! कापड बादलीत घातलंय. पण चौकोनाच्या कोपऱ्यात चुण्या पडणार नाहीत? आणि बाजूचे कट किती ठेवू? रिक्षात चढताना अडकायला नको.

सुईदोरा: चौकोनाची प्रत्येक बाजू वेगळी शिवा. टीप कडेपासून अर्धा इंच आत सुरू करायची, अर्धा इंच आधीच थांबवायची. कोपऱ्यावरून सलग नेलीत तर चुणी पडणारच. आधी कच्चे टाके घाला, आईला घालून हात जमेल तेवढाच उचलायला सांगा, मग मशीनवर घ्या. कट कमरेखाली चार बोटांपासून. त्याच्या वरच्या टोकाला टीप उलटसुलट दोनदा मारा, उसवायला तिथूनच सुरुवात होते.