रंगाला भुलू नका, खालून बघा

इंग्लंडमध्ये १९७४ची फोक्सवॅगन कॅम्पर (आत झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली व्हॅन) घ्यायची आहे, पण इंजिनाची धास्ती वाटते, असं एकाने विचारलंय. इंजिनाचं फार मनावर घेऊ नका. मागचं ते हवेवर थंड होणारं इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं, सुटे भागही मिळतात. खरा खर्च गंजाचा! गाडीखाली आडवे होऊन दाराखालचे पत्रे, चाकांच्या कमानी, बॅटरीखालचा पत्रा चाचपून बघा. ताज्या रंगावर लोहचुंबक लावा. चिकटला नाही तर आत पुट्टी भरलेली असणार. पेट्रोलचे रबरी पाइप मात्र घेतल्या घेतल्या बदला, ते तडकले की गाडी पेटू शकते.

आणि घ्याच हो! बाहेर पाऊस, छत वर उचललेलं, आत चहाचं आधण, हे सुख नव्या गाडीत नाही. फक्त गॅस पेटवताना खिडकी उघडी ठेवा.