केस कापणं, कुकरची शिट्टी आणि प्रमाणपत्र : स्वमग्न मुलांच्या घरातले अनुभव

रानजाई
काल माळा आवरताना चित्रपट्टीची जुनी फाईल हाताला लागली. वेलक्रो अजून शाबूत, 'आंघोळ'च्या फोटोचा एक कोपरा चावून चावून गेलेला. बराच वेळ ती घेऊन तशीच बसले, मग म्हटलं धागाच काढू. ज्यांच्या हातात मुलाच्या स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) निदानाचा कागद नुकताच आलाय त्यांच्यासाठी लिहा. 'धीर धरा' सगळेच सांगतात. नेमकं काय करायचं, कुठे फसतं, ते हवंय.

पट्टीपासूनच सुरुवात करते, म्हणजे आता काय आणि मग काय हे मुलाला चित्रांनी दाखवणारी पट्टी. फोटो आपल्याच घरातले काढा. नेटवरच्या टबचं चित्र आणि आपली निळी बादली यांचा संबंध मुलाला लागत नाही. साधारण ५ सेंमीचे चौकोन, लॅमिनेट करून कोपरे गोल कापायचे. वेलक्रोची मऊ बाजू पट्टीवर, खरखरीत चित्रामागे, आणि हे सगळ्यांना एकसारखं. एखाद्याला उलट लागली की ऐन वेळी चित्र चिकटत नाही आणि मग रडारड. सुरुवात दोनच चित्रांनी: 'आधी' आणि 'नंतर'. आधी दात घासणं, नंतर झोका. झालं की चित्र मुलानेच काढून डब्यात टाकायचं.

बहुतेक घरांत पट्टी फसते कारण तिच्यावर नावडती कामंच असतात. मग पट्टी दिसली की मूल पळतं. झोका, भेळ, आजीकडे जाणं, हेही तिच्यावर हवं. शिवाय 'बदल' असं एक वेगळं कार्ड ठेवा आणि ते आधी आनंदाच्या बदलासाठी वापरा (पोळीऐवजी डोसा!). थेट 'आज बाग बंद'साठी काढलंत तर ते कार्ड कायमचं नकोसं होतं.

सुगरण_७
केसांचं लिहिते, पटकन, डबा व्हायचाय.
दोन आठवडे आधीपासून. मशीन बंद असताना हातात. मग दुसऱ्या खोलीत चालू. मग चालू मशीनची मागची बाजू तळहाताला, दंडाला, खांद्याला, शेवटी मानेला. एका पायरीवर अडलं तर मागच्या पायरीवर या, पुढे ढकलू नका. सलूनमध्ये सकाळी उघडल्या उघडल्या जायचं, रविवारी मुळीच नाही. तो गळ्याला आवळणारा कपडा नको, घरचा पुढून बटणांचा जुना शर्ट उलटा घाला, डोक्यावरून काढावा लागत नाही. पाण्याचा फवारा आधी तळहातावर.
दहा आकडे मोजायचे आणि दहाला खरंच थांबायचं. 'झालंच, एवढंच राहिलं' म्हणून कात्री पुढे चालली की पुढच्या वेळी त्या दहाला काही अर्थ उरत नाही. अर्धे केस कापून घरी आलात तरी चालेल.
मानेवर पडलेले बारीक केस टोचतात, अर्धी रडारड त्याचीच असते. पावडर आणि मऊ ब्रश सोबत न्या.

मनीमाऊ
उलटा शर्ट!! आजच करते. सुगरणताई, नखांचं काय करता?

सुगरण_७
आंघोळीनंतर, रोज एकच बोट. नखं मऊ असतात तेव्हा. कटरपेक्षा कानस बरी, कट असा आवाज होत नाही.

चष्मेबद्दूर
या क्षेत्रात काम करतो, तपासणीबद्दल लिहितो. जरा लांबेल.

मूल बोलत नाही, हाकेला ओ देत नाही म्हटलं की आधी कानांची तपासणी. 'टाळी वाजवली की बघतो' यावर भागवू नका, बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघणारी चाचणी) करून घ्या.

स्वमग्नतेची शक्यता बघणारी, आई-वडिलांनी भरायची एम-चॅट नावाची २० प्रश्नांची यादी १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी आहे. ती चाळणी आहे, निदान नव्हे. ० ते २ गुण म्हणजे धोका कमी (पण मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा भरा), ३ ते ७ म्हणजे प्रत्येक चुकलेल्या उत्तरावर सविस्तर विचारणा, ८ आणि वर म्हणजे थेट पुढची तपासणी. दोन चुका हमखास होतात. एक, १७ प्रश्नांत 'नाही' हे उत्तर धोक्याचं आहे, पण २, ५ आणि १२ मध्ये 'हो' धोक्याचं. घरी स्वतः गुण मोजणारे इथे गडबडतात. दुसरी, 'मूल बोट दाखवून वस्तू दाखवतं का' याला एकदा कधीतरी केलं म्हणून 'हो' लिहितात. नेहमी करतं का, हे विचारलंय. आणि मागण्यासाठीचं बोट वेगळं, 'ते बघ विमान' म्हणून दाखवण्याचं बोट वेगळं. दुसरं जास्त महत्त्वाचं.

डॉक्टरांकडे जाताना मोबाईलवर एक-दोन मिनिटांच्या चार चित्रफिती न्या: जेवताना, एकटं खेळताना, इतर मुलांत, आणि मागून नावाने हाक मारताना. अनोळखी खोलीत वीस मिनिटांत मूल जे दाखवत नाही, ते यात दिसतं. 'शिकवून' काढू नका. खाजगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून मदत करणारं सरकारी केंद्र) असेल तिथे विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतची मुलं तिथे पाहतात.

निदानाची वाट बघत थेरपी थांबवायची गरज नाही, हे मात्र ठळक अक्षरांत वाचा.

पाऊसवेडा
२, ५, १२ चं कळल्यावर परत भरला. ३ चे ५ झाले. डॉक्टरांना फोन लावतोय.

रानजाई
लाव रे. आणि काय झालं ते इथे कळव, आम्ही आहोत.

ओवी
भाषेबद्दल. मूल तहान लागल्यावर 'तुला पाणी हवंय का?' म्हणतं, कारण पाण्याच्या आधी त्याने हेच ऐकलेलं असतं. ते चुकत नाहीये, मागतंय. तेव्हा 'तू नाही, मी म्हण' असं सुधारू नका. पेला देता देता त्याच्या बाजूने बोला: 'मला पाणी हवंय'. आणि पाणी द्या. प्रश्न कमी, वाक्यं जास्त.

मराठीत अजून एक गंमत, मुलगे 'मी जाते, मी खाते' म्हणतात कारण दिवसभर आईचंच ऐकतात. मुलाच्या वतीने बोलताना 'मी जातो' म्हणायचं हे आईनेच लक्षात ठेवायचं.

चित्र देऊन मागायला शिकवताना (पेक्स) सुरुवातीला दोन माणसं लागतात. एक समोर खाऊ घेऊन, दुसरा मुलाच्या मागे. मागचा मुलाचा हात धरून चित्र समोरच्याच्या हातात ठेवतो आणि एक अक्षर बोलत नाही. समोरचाही 'काय हवं?' विचारत नाही, नाहीतर मूल पुढे कायम त्या प्रश्नाची वाट बघत बसतं. चित्र हातात पडलं की लगेच 'चकली!' आणि चकली.
मोबाईलवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे चित्रं दाबून बोलायचं ॲप फुकट आहे, मराठीत चालतं. चित्रांमुळे बोलणं मागे पडतं ही भीती सोडा. आणि घरात मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोला असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. दोन भाषांनी स्वमग्न मुलांचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही, आजीशी बोलणं मात्र तुटतं.

तिखटमीठ
वेलक्रो कुठे घेता? ऑनलाईन फार महाग पडतंय.

पुणेरी_पाटी
बोहरी आळीत मीटरवर मिळतो. लॅमिनेशन अप्पा बळवंत चौकात. दोन्ही एका फेरीत होतं, फक्त गाडी नेऊ नका.

भातुकली
कुकर. शिट्टी केव्हा होणार हे माहीत नसतं, त्याचा त्रास आवाजाइतकाच. ओट्यापासून लांब एका दोरीत तीन मोठे मणी, प्रत्येक शिट्टीला एक मणी सरकवायचा. तिसरा सरकला की संपलं. मिक्सरच्या आधी 'तीन, दोन, एक'.
बांधकामावर वापरतात तसले कानांवरचे मफ चालतात. दिवसभर लावून ठेवू नका, मग साधे आवाजही सहन होईनासे होतात. मिरवणुकीला, हॉलमध्ये, तेवढ्यापुरतेच. गणपतीत सकाळी मंडप रिकामा असताना नेऊन आणा, ढोल सुरू व्हायच्या आत परत.

सुगरण_७
दोरीचं भारी आहे. माझ्या कुकरचीच शिट्टी झाली बघा आत्ता.

वैदू_नव्हे
मूल एकदम मारायला-चावायला लागलं, डोकं आपटायला लागलं, तर आधी शरीर तपासा: दाढ, कान, बद्धकोष्ठ. बोलता न येणारं मूल दुखणं असंच सांगतं. झोप फार चाळवत असेल तर लोह (फेरिटिन) तपासायला डॉक्टरांना सांगा.
खाण्याचं: बिस्किट रोज तस्संच असतं, भाजी रोज वेगळी. म्हणून बिस्किट आवडतं. एका वेळी एकच गोष्ट बदला. तोच आकार वेगळी चव, किंवा तीच चव वेगळा आकार. आवडत्या पदार्थात भाजी लपवू नका, सापडली की तो पदार्थही जातो.

आणि स्टेम सेलने (मूळ पेशींनी) स्वमग्नता बरी करतो म्हणणाऱ्यांना लाखो रुपये देऊ नका, पाया पडते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताशी संबंधित ठरावीक आजारांपलीकडे हे नेहमीचे उपचार म्हणून मान्य नाहीत. लसीचाही स्वमग्नतेशी संबंध नाही. तसा संबंध सुचवणारा १९९८ चा १२ मुलांवरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि २०१९ च्या डेन्मार्कच्या अभ्यासात साडेसहा लाखांवर मुलं होती, एमएमआरने (गोवर, गालगुंड, रुबेलाची लस) ऑटिझम वाढल्याचं त्यात दिसलं नाही.

कारकून
दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. तपासणी 'ईसा' या भारतीय मापनश्रेणीवर: ४० मुद्दे, प्रत्येकी १ ते ५ गुण. ७० च्या खाली स्वमग्नता नाही, ७० ते १०६ सौम्य, १०७ ते १५३ मध्यम, पुढे तीव्र. ७० ला ४० टक्के धरतात आणि बहुतेक सवलती ४० पासून सुरू होतात. घोळ असा होतो की आई-बाप तिथे मुलाचं कौतुक सांगतात, 'सगळं करतो हो'. दहा वेळा सांगून, हात धरून करतो का एकटा करतो, हे नीट सांगा.
लहान मुलांना बहुधा तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. मुदतीची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा.
निरामय हा राष्ट्रीय न्यासाचा आरोग्य विमा १ लाखापर्यंत, आधी वैद्यकीय चाचणी लागत नाही, बाह्यरुग्ण थेरपीही त्यात बसते.
१८ पूर्ण झाल्यावर आई-वडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. बँक खातं अडल्यावर जाग येते, तसं नको.

मितभाषी
मी स्वतः स्वमग्न, प्रौढ. एवढंच सांगायचंय: 'डोळ्यांत बघ' म्हणू नका. डोळ्यांत बघताना ऐकणं अवघड जातं. तोंडी तीन कामं सांगण्यापेक्षा चिठ्ठीवर तीन ओळी लिहा. मेल्टडाऊनमध्ये (ताण असह्य होऊन स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा) बोलणं थांबवा, दिवा मंद करा, लोकांना बाहेर काढा, जवळ बसा, हात लावू नका (कुणाला घट्ट दाबलेलं आवडतं, ते शांत असताना विचारून ठेवा). समजावणं दुसऱ्या दिवशी.
मुलींमध्ये उशिरा कळतं, कारण त्या बघून बघून नक्कल करतात आणि घरी येऊन कोसळतात. शाळा 'काहीच त्रास नाही' म्हणाली तरी घरातलं खरं माना.

मनीमाऊ
मितभाषी, खूप आभार. 'हात लावू नका' हे उलटंच करत होते.

पाऊसवेडा
गुरुवारची वेळ मिळाली. चित्रफिती तीन झाल्या. मागून हाक मारायची राहिलीय, तो झोपलाय आत्ता.