लॅबमध्ये कंट्रोल लावतो, मग चर्चमध्ये?

लॅबवाला_मोहननगर:
नागपुरात सदरला माझी छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी आधी कंट्रोल लावतो, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असा नमुना मशीनवर तपासून बघतो. तो रेंजबाहेर गेला तर पेशंट कितीही ओरडो, शुगरचा रिपोर्ट देत नाही. परवा चर्चमधून येताना लेक म्हणाला, "बाबा, शुगरला कंट्रोल, अन् येशू मेलेल्यांतून उठला याला काहीच नाही?" मी गाडी चालवत राहिलो. आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, पण 'विश्वास ठेव' एवढ्यावर आता भागत नाही. पुराव्याशिवायची श्रद्धा विवेकाची म्हणता येते का?

सावजी_कमी_तिखट:
लेक बरोबर बोलून राहिला. इंग्रज विचारवंत विल्यम क्लिफर्डने १८७७ मध्ये हेच मांडलं: पुरेशा पुराव्याशिवाय काहीही मानणं चूक. त्याचं उदाहरण असं. जहाज मोडकळीला आल्याची शंका असूनही मालक मनाची समजूत घालतो अन् प्रवासी पाठवतो. जहाज सुखरूप पोचलं असतं, तरी तो दोषीच.

तर्री_जास्त:
भाऊ, क्लिफर्डच्या नियमाला तरी कुठला पुरावा? सकाळी पोहे खाल्ले हे तुम्ही आठवतं म्हणून मानता, बिल दाखवत नाही. समोरच्याला मन आहे, हेही तसंच. अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगा म्हणतो, देवावरचा विश्वास याच जातीचा, पायाचा दगड, त्याला खाली वेगळा पुरावा लागत नाही. उलट बाजूनं भक्कम काही निघालं तर मात्र उत्तर द्यावं लागतं.

दीक्षाभूमीजवळचा:
मग भुताखेतांवालाही म्हणेल, माझाही पायाचा दगड! प्लँटिंगानं हा आक्षेप स्वतःच घेतला होता, भोपळ्याचं उदाहरण देऊन: मग कुणी जादूच्या महाभोपळ्यावरचा विश्वासही पायाचा दगड म्हणेल. त्याचं उत्तर मला तोकडं वाटतं. आठवणींवर सगळेच विसंबतात. देवाबद्दल आमच्या एका गल्लीतही एकमत नाही.

लॅबवाला_मोहननगर:
तर्रीभाऊ, देवापर्यंत तुमचं पटलं. पण पोरानं देवाचं नाही, येशू कबरेतून उठला का ते विचारलं. ती घडलेली गोष्ट, तिला साक्षीदार लागणारच. येशूचा प्रेषित पौलही सूट मागत नाही. करिंथकरांस पहिल्या पत्रात, १५व्या अध्यायात तो केफा (म्हणजे येशूचा शिष्य पेत्र) अन् याकोबाचं नाव साक्षीदार म्हणून घेतो, पाचशेहून अधिक जणांना ख्रिस्त दिसला, त्यातले बरेच हयात आहेत म्हणतो. म्हणजे जा, विचारा. ख्रिस्त उठला नसेल तर विश्वास व्यर्थ, हेही तोच लिहितो. हा सरळ कंट्रोल लावणं झालं! पण ते पाचशे मला भेटायचे नाहीत. हाती फक्त पत्र. एवढ्यावर लॅबमध्ये मी सही केली नसती. चर्चमध्ये करतो, अन् लेकाला हे असंच सांगणार. का करता, असं विचारलं तर आई गेली त्या रात्रीचं सांगावं लागेल. तो पुरावा नाही, ते मलाही कळतं.