रोमा समाजाच्या बाजूने निकाल लागतो, पण पुढे काय?

वाटसरू:
युरोपातल्या रोमांचा (ज्यांना ‘जिप्सी’ म्हणतात तो समाज) विषय निघाला की आपली गाडी ‘मूळचे भारतातलेच’ या स्टेशनावर थांबते. ते खरंच आहे, पण हा धागा त्यासाठी नाही.

माझं म्हणणं असं, की वंशभेदविरोधी कायद्यांनी रोमांना काही ठोस दिलं असेल तर ते म्हणजे पुरावा कोणी द्यायचा हे बदललं. चेक प्रजासत्ताकातलं ओस्त्रावा शहर घ्या. १९९९ मध्ये तिथल्या मुख्याध्यापकांना प्रश्नावली पाठवून आकडे गोळा केले गेले. रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के मुलं मतिमंदांसाठीच्या ‘विशेष’ शाळांत, बाकीच्यांपैकी फक्त १.८ टक्के. अठरा मुलांच्या वतीने खटला झाला. सरकार म्हणालं, आम्ही वंश पाहिलाच नाही, बुद्धिमापन चाचणी घेतली. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात २००६ मध्ये मुलं हरली. नोव्हेंबर २००७ मध्ये मोठ्या पीठाने १३ विरुद्ध ४ मतांनी निकाल फिरवला. आकडेच इतके बोलत असतील तर मुलांनी सरकारचा हेतू सिद्ध करत बसायची गरज नाही, भेदभाव नव्हता हे सरकारने दाखवावं. हे मला फार मोठं वाटतं.

सडेतोड:
मोठं कोणाला? वकिलांना! मुलांना प्रत्येकी ४,००० युरो मिळाले आणि तोवर त्यांचं शाळेचं वय सरलं होतं. ‘विशेष’ शाळा तर निकालाच्या आधीच, २००५ मध्ये, कागदोपत्री बंद झाल्या होत्या. त्यांच्या जागी ‘व्यावहारिक’ शाळा आल्या. पाटी बदलली, वर्ग तेच. २०१४ मध्ये युरोपीय आयोगाला याच विषयावर चेक सरकारविरुद्ध कारवाई सुरू करावी लागली. निकालाने प्रश्न सुटला असता तर ही वेळ का आली असती?

आणि पालकांच्या सह्या होत्या, हे सोयीस्करपणे गाळलंत.

अनुराधा_पुणे:
सह्या कशावर होत्या तेही सांगा ना. आधीच भरून ठेवलेला छापील फॉर्म. दुसरी शाळा मिळू शकते का, या शाळेतला अभ्यासक्रम किती हलका आहे, एक अक्षर नाही. न्यायालयाने तर त्यापुढे जाऊन सांगितलं, की वांशिक भेदभाव न होण्याचा हक्क आई-बापाच्या सहीने सोडता येत नाही.

सडेतोड:
म्हणजे रोमा आई-बापांना आपल्या मुलांचं भलं कळत नाही, असंच ना? विरोधी मत देणाऱ्या एका न्यायाधीशांनाही पालकांबद्दलचा हाच सूर खटकला होता. संरक्षणाच्या नावाखाली माणसाला अजाण ठरवणं मला तरी पटत नाही.

मीटररीडर (निवृत्त):
शाळांचं ठाऊक नाही, विजेचं बोलतो. बल्गेरियात दुप्नित्सा गावच्या रोमा वस्तीत वीज कंपनीने मीटर सहा-सात मीटर उंच खांबावर बसवले. इतरत्र उंची १.७० मीटर. कंपनीचं म्हणणं, मीटरमध्ये फेरफार होतो, चोरून जोडण्या घेतात. आमची उभी नोकरी तारांवर टाकलेले चोरीचे आकडे काढण्यात गेली, त्यामुळे कंपनीचं दुखणं मला कळतं. चोरी थांबवायचीच नाही का?

वाटसरू:
काका, थांबवा की. पण त्या प्रकरणात तक्रार करणारी बाई रोमा नव्हतीच! वस्तीत तिचं किराणा दुकान होतं. बिल भरायचं, पण मीटर वाचायचा तर शिडी हवी. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलं, की २००० सालच्या वांशिक समानता निर्देशाचं (युरोपीय संघाचा, सदस्य देशांना बांधणारा भेदभावविरोधी नियम) संरक्षण तिलाही आहे. चोरी रोखणं हा हेतू रास्त मानला, पण सबंध वस्तीवर संशयाचा शिक्का मारणारा उपाय सोडून दुसरा होता का, हे बल्गेरियातल्या न्यायालयाने तपासावं असंही म्हटलं. चोरी करतो त्याला पकडा. आपल्याकडे गावात चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा १९५२ मध्ये गेला, सवय कुठे गेली?

मीटररीडर (निवृत्त):
दुकानदार बाईंचं माहीत नव्हतं. तरी सहा मीटर उंची म्हणजे जास्तच झाली.

सडेतोड:
हंगेरीचंही होऊन जाऊ द्या. ग्यॉन्ग्यॉशपाता गावच्या शाळेत रोमा मुलं तळमजल्यावर, बाकीची वर. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे साठ जणांना मिळून जवळपास दहा कोटी फोरिंट भरपाई कायम केली. पंतप्रधान ओर्बान उघड विरोधात गेले आणि त्याच वर्षी कायदा असा बदलला, की यापुढे अशा प्रकरणांत पैशांऐवजी शिक्षण-प्रशिक्षणाच्या रूपाने भरपाई. ज्या शाळेने शिकवलं नाही त्याची भरपाई पुन्हा शिकवणीने! बहुमत ज्याच्या हातात, कायदा त्याचा.

अनुराधा_पुणे:
हे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. रोख भरपाई झोंबली म्हणून तर कायदा बदलावा लागला. निव्वळ ताशेरे ओढले असते तर कोणी ढुंकूनही पाहिलं नसतं.

सडेतोड:
मान्य, झोंबली. आता सांगा, उद्या बाकीच्या पालकांनी आपली मुलं काढून पलीकडच्या शाळेत घातली तर कुठलं कलम लावणार?

वाटसरू:
पालकांना कुठलंच नाही. पण पुन्हा चेकचंच घ्या, तिथे कोणत्या शाळेला कुठल्या गल्ल्या जोडायच्या हे नगरपालिका ठरवते. तो नकाशा मागवायचा आणि नगरपालिकेला कोर्टात उभं करायचं.