सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडले, या कथेला आधार आहे का?

पाटवरवंटा (प्रश्न):
नमस्कार. मुलीच्या शाळेतल्या खाद्यमहोत्सवात इडलीच्या टेबलामागे एक फलक लावला होता. संभाजी महाराज तंजावरला पाहुणे म्हणून गेले असता मुदपाकखान्यातली आमसुले संपली, म्हणून आमटीत चिंच घालण्यात आली, ती महाराजांना आवडली आणि ‘संभाजी’ व ‘आहार’ या दोन शब्दांतून ‘सांबार’ हा शब्द तयार झाला, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते. हीच कथा मी यापूर्वी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर आणि एका हॉटेलच्या मेनूकार्डावरही वाचली आहे. ऐकायला ती फार गोड वाटते, पण मुलीने ‘आई, हे खरं आहे का?’ असे विचारले तेव्हा मला उत्तर देता आले नाही. जाणकारांनी कृपया सांगावे.

बखरीपलीकडे:
आधी सनावळी पाहू, कारण कथा तिथेच अडखळते. शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले ते 1675 च्या सुमारास. कथेत यजमान म्हणून बहुतेक वेळा त्यांचे पुत्र शहाजीराजे यांचे नाव येते आणि त्यांची कारकीर्द 1684 ते 1712 अशी आहे. संभाजी महाराज फेब्रुवारी 1689 मध्ये संगमेश्वरला पकडले गेले आणि 11 मार्च 1689 रोजी त्यांची हत्या झाली. म्हणजे या मेजवानीसाठी जेमतेम पाच वर्षे उरतात, आणि तीही अशी की औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसला होता, 1686 मध्ये विजापूर पडले आणि 1687 मध्ये गोवळकोंडा. त्या धामधुमीत महाराज चुलतभावाकडे निवांत पाहुणचाराला गेले, हे पटण्यासाठी एखादे पत्र किंवा बखरीतली एखादी ओळ तरी दाखवता यायला हवी. कथा सांगणारे ती कधीच दाखवत नाहीत.

त्याहून मोठी अडचण शब्दाचीच आहे. 1530 च्या एका तमिळ शिलालेखात ‘चंपारम्’ हा शब्द पदार्थात घालायच्या मसाल्याच्या जिनसांसाठी आलेला आहे. हा लेख व्यंकोजीराजे तंजावरला पोहोचण्याच्या जवळजवळ दीडशे वर्षे आधीचा आहे. मुळात संस्कृत ‘संभार’ म्हणजे सामग्री, जमवलेले साहित्य. आपण ‘यज्ञसंभार’ म्हणतो तोच हा शब्द. स्वयंपाकात सामग्री म्हणजे मसाला, आणि मसाल्यावरून मसाला घातलेल्या पदार्थाला नाव, इतका हा साधा प्रवास दिसतो. ‘संभाजी’ अधिक ‘आहार’ ही फोड तर मला शाळकरी कोड्यासारखी वाटते.

वऱ्हाडातली_सून:
शब्दाच्या प्रवासाचा पुरावा आमच्या भाजीबाजारात रोज मिळतो. मी मूळची पुण्याची. लग्नानंतर पहिल्यांदा अमरावतीच्या बाजारात गेले तेव्हा भाजीवाल्या मावशींनी वांगी तोलून झाल्यावर ‘सांबार टाकू का?’ असे विचारले आणि भाजीच्या पिशवीत पातळ सांबार कसे टाकणार, या विचाराने मी गोंधळून पाहतच राहिले. त्यांनी हिरवीगार कोथिंबिरीची जुडी पिशवीत खोचली तेव्हा उलगडा झाला. विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात आणि इथली सांबारवडी तर प्रसिद्धच आहे. गुजरातेत फाफड्याबरोबर कोबी-गाजराचा जो ‘संभारो’ मिळतो आणि केरळात आले-मिरची घातलेल्या ताकाला जे ‘संभारम्’ म्हणतात, तीही मला याच गोतावळ्यातली नावे वाटतात. एका छत्रपतींच्या एका जेवणावरून कोथिंबीर, कोबी आणि ताक या तिघांना नाव मिळाले, असे तर कोणी म्हणणार नाही.

कावेरीकाठ:
वरील दोन्ही उत्तरे मान्य करूनही थोडा विरोध नोंदवतो. आमचे घराणे कित्येक पिढ्या तमिळनाडूत आहे, घरात आम्ही मोडकीतोडकी का होईना मराठी बोलतो, आणि ही कथा मी आजीच्या तोंडून ऐकलेली आहे. प्रत्येक गोष्ट कागदावर उतरतेच असे नाही. तंजावरच्या मराठ्यांचा तिकडच्या स्वयंपाकावर काहीच परिणाम झाला नाही, असा अर्थ यातून निघू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

बखरीपलीकडे:
कावेरीकाठ, आपल्या आजींच्या आठवणीचा मान राखूनच लिहितो. परिणाम झाला, यात शंका नाही. तमिळ घरांत पुरणपोळीला आजही ‘पोळी’च म्हणतात. दुसरे सरफोजीराजे (कारकीर्द 1798 ते 1832) यांच्या मुदपाकखान्यातल्या पाककृतींचा ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ हा मराठी ग्रंथ तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपला आहे. त्याआधी सतराव्या शतकात रघुनाथ गणेश नवहस्त यांनी व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाने ‘भोजनकुतूहल’ लिहिले. ग्रंथ संस्कृतात असला तरी पदार्थांची मराठी नावे त्यात ठिकठिकाणी भेटतात. ज्या घराण्याने 1803 मध्ये आपला इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरून घेतला, त्याच्या अभिमानासाठी आमसुले संपल्याच्या कथेची गरज पडावी, याचे मला नवल वाटते.

चिंचगूळ:
इतिहासात मला गती नाही, पण चुलीपुढे चाळीस वर्षे गेली आहेत, म्हणून एक शंका मांडते. आमसूल मुळात कोकण-गोव्याकडचे. रातांब्याची झाडे घाटावर कुठे आहेत? माझे माहेर आणि सासर दोन्ही देशावर असून आमच्याकडे रोजच्या आमटीत चिंचेचा कोळ आणि गूळच पडत आला. आईच्या फडताळात चिंचेचे मीठ लावलेले गोळे बरणीभर असत, आमसुले मात्र कोकणातून कोणी आले तरच दिसत. दुसरीकडे, तमिळ भाषेत ‘पुळि’ या एकाच शब्दाचा अर्थ चिंच असाही होतो आणि आंबट असाही, आणि तिथल्या विष्णुमंदिरांत चिंचेच्या भाताचा, म्हणजे पुळियोदरैचा, प्रसाद असतो. अशा मुलखात डाळीत चिंच घालून पाहायला मराठी आचाऱ्याची वाट पाहावी लागली असेल का? आणि त्या आचाऱ्यालाही चिंच काही नवी नसणार.

पाटवरवंटा:
सर्वांचे मनापासून आभार. मुलीला सगळे वाचून दाखवले. तिला शिलालेखापेक्षा भाजीच्या पिशवीतला सांबार अधिक आवडला आणि फलकावर तेच लिहायला हवे होते, असे तिचे म्हणणे पडले. वर्गशिक्षिकांना मी उद्या सनावळी लिहून पाठवणार आहे. चिंचगूळताई, मीठ लावलेली चिंच बरणीत किती दिवस टिकते, तेही जमल्यास सांगावे.

चिंचगूळ:
बिया आणि शिरा काढून, कडक उन्हात वाळवून, खडेमीठ लावून गोळे केले तर वर्षभर सहज टिकते. रंग काळा पडतो, त्याला घाबरू नये. आमटीला तीच जुनी चिंच अधिक चांगली लागते.